मोनो पायपर ४५० पौंडाला घ्यावी का? आधी मिक्स बघा, मग खाचा, लेबल सगळ्यात शेवटी

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रेडिंगला राहता, पुण्यात कॉलेजात असताना पिंक फ्लॉइड कॅसेटवर ऐकलंत, आता टर्नटेबल घेतलाय आणि साठच्या दशकातलं ब्रिटिश सायकेडेलिक रॉक जमवायचं डोक्यात आहे. रेकॉर्ड फेअरला एका डीलरकडे पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमची, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'ची १९६७ची मोनो कॉपी दिसली, निळ्या-काळ्या कोलंबिया लेबलची, त्याने ग्रेड लावलीय व्हीजी प्लस (वापरलेली पण चांगल्या स्थितीतली) आणि मागतोय ४५० पौंड. नवीन रीइश्यू २५ पौंडाला मिळते. तर एवढे पैसे घालावेत का, गुंतवणूक म्हणून बरं आहे का, आणि महिना साठ-सत्तर पौंडात हा छंद जमतो का.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं फेअर्सना स्टॉल लावतो, लोकांच्या घरातली कलेक्शन्स विकत घेतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. तुमचा खरा घोळ किमतीचा नाहीये. तुम्ही धरून चाललाय की २५ पौंडवाली आणि ४५० पौंडवाली ही एकाच अल्बमची नवी आणि जुनी कॉपी आहे. तसं नाहीये. ती २५ची रीइश्यू स्टिरिओ आहे आणि फेअरमधली मोनो, आणि या अल्बमचं मोनो मिक्स आणि स्टिरिओ मिक्स ही दोन वेगळी मिक्सेस आहेत, वेगळी बसून केलेली. मिक्स म्हणजे रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज जुळवून तयार केलेलं अंतिम गाणं, मोनोत सगळं एकत्र, स्टिरिओत डावं-उजवं वेगळं. म्हणजे पहिला प्रश्न 'जुनी का नवी' हा नाहीच, तुम्हाला यातलं कुठलं ऐकायचंय हा आहे.

हे जरा नीट सांगतो कारण या काळातल्या रेकॉर्ड्सचं सगळं गणित इथेच आहे. १९६७मध्ये ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत मोनो प्लेअर होता, पोरांच्या खोलीत डॅन्सेट हा स्वस्तातला प्लेअर, सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) मोनो, रेडिओ मोनो. त्यामुळे बँड आणि प्रोड्युसर जीव ओतून जे मिक्स करायचे ते मोनो, आणि स्टिरिओ मिक्स मागाहून, कमी वेळात, बऱ्याचदा बँड हजर नसताना उरकलं जायचं. 'सार्जंट पेपर' हे त्याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण, मोनोच्या मिक्सिंगला बीटल्स स्वतः बसले, स्टिरिओ नंतर प्रोड्युसर आणि इंजिनिअर्सनी त्यांच्याशिवाय केलं, आणि फरक कानाला लगेच कळतो, 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये थोडं वेगात आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओत तेच गाणं संथ आणि जड वाटतं. पायपर त्याच सुमारास लंडनच्या त्याच अॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, प्रोड्युसर नॉर्मन स्मिथ, जो आधी बीटल्सचा इंजिनिअर होता. मोनोमध्ये ड्रम्स आणि बास एकजीव होऊन अंगावर येतात, सिड बॅरेट या बँडच्या गायक-गिटारवादकाचं गिटार मधोमध घुसतं. स्टिरिओत तीच वाद्यं डावी-उजवीकडे पसरतात आणि 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह'च्या शेवटाकडे आवाज या कानातून त्या कानात गरगर फिरतो, हेडफोनवर ते भन्नाट लागतं आणि मोनोत ते असूच शकत नाही. मला स्वतःला मोनो जास्त आवडतं. पण हेडफोनवर ऐकणाऱ्या माणसाला मी मोनो घे म्हणून आग्रह कधीच करणार नाही.

तेव्हा खिशात हात घालायच्या आधी एक काम करा. २००७मध्ये चाळीस वर्षं झाली म्हणून तीन सीडींचा सेट निघाला होता, त्यात मोनो आणि स्टिरिओ दोन्ही मिक्सेस आहेत, कोणाकडून तरी मिळवा आणि एक-एक गाणं आळीपाळीने ऐका. स्टिरिओच आवडलं तर तुमचे ४५० पौंड वाचले, सत्तरच्या दशकातलं स्टिरिओ प्रेसिंग (म्हणजे तेव्हा छापलेली कॉपी) त्यापेक्षा खूप स्वस्तात मिळतं. मोनो आवडलं पण मूळ कॉपी परवडत नाहीये तर २०१८च्या रेकॉर्ड स्टोअर डेला (दुकानांत खास रेकॉर्ड निघतात तो वार्षिक दिवस) मोनो मिक्सची एलपी निघाली होती, ती सेकंडहँडमध्ये फिरत असते. आणि मोनो आवडलं, मूळच हवी आणि पैसेही आहेत, तर मग पुढचं वाचा.

वर्षाप्रमाणे हे बदलतं हेही लक्षात ठेवा. १९६६-६७चं असेल तर मी आधी मोनो शोधतो. १९६८मध्ये दोन्ही ऐकून ठरवावं लागतं. १९६९पासून पुढे लेबलांनी मोनो गुंडाळायला सुरुवात केली, तिथे मोनोच्या मागे लागून जास्त पैसे देण्यात फार अर्थ नाही, ती दुर्मिळ असते म्हणून महाग असते एवढंच.

आता दुसरी गोष्ट, खाचा. व्हीजी प्लस ही ग्रेड डीलरने डोळ्यांनी बघून लावलेली असते, फेअरमध्ये शेकडो रेकॉर्ड घेऊन आलेला माणूस प्रत्येक वाजवून बघत नाही, मीही बघू शकत नाही. आणि या काळातल्या रेकॉर्डचं दुखणं असं की ती दिसायला चकचकीत असते आणि वाजायला फाटकी. कारण डॅन्सेटसारख्या प्लेअरमध्ये सिरॅमिक काटरिज (ज्यात सुई बसते तो भाग) असायचं आणि सुईचा दाब पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आजचं काटरिज दोन ग्रॅमच्या आसपास चालतं. त्यात सुई झिजलेली असली तरी पोरं वर्षानुवर्षं बदलायची नाहीत. ओरखडा एकही नाही, पण खाचेची भिंत घासली गेलेली, आणि ते घासणं कुठल्याही क्लीनिंग मशीनने भरून येत नाही. टिकटिक, खरखर धुवून कमी होते, पण गाणं जोरात गेलं की आवाज फुटायला लागतो ना, ते कायमचं असतं.

मी कसं बघतो ते सांगतो. स्वतःचा छोटा एलईडी टॉर्च नेतो, हॉलच्या ट्यूबलाइटवर भरवसा ठेवत नाही. रेकॉर्ड कडेने धरून तिरपी करायची आणि प्रकाश खाचांवरून हळू फिरवायचा, बाहेरून आत, आणि लेबलच्या जवळच्या एक-दोन गाण्यांपाशी थांबायचं. न झिजलेल्या खाचेवर प्रकाश स्वच्छ काळ्या-चंदेरी रेषेत सरकतो. झिजलेली असेल तर तिथे करडट, धुरकट पट्टा दिसतो, आणि तो बहुतेक वेळा जोराच्या भागातच असतो. मग लेबलचं भोक बघायचं. भोकाभोवती बारीक रेघा असतील, म्हणजे मालक टर्नटेबलच्या मधली खुंटी (स्पिंडल) शोधत रेकॉर्ड फिरवत बसायचा, तर ती खूप वेळा लागलीय, वरून कितीही चमकत असू दे. ओरखड्यावरून नख अलगद न्यायचं, नखाला लागला तर सुईलाही लागणार.

पण खरा निकाल कानाचा. बऱ्याच फेअरमध्ये कोपऱ्यात ऐकायला टर्नटेबल असतं, नसेल तर डीलरला दुकानात येऊन ऐकतो म्हणून सांगा, ४५० पौंडाच्या रेकॉर्डला हे विचारणं अजिबात वावगं नाही. पायपरसाठी मी तीन जागा ऐकतो. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, बासवादक रॉजर वॉटर्सचं ते स्टेथोस्कोपवालं, ते कर्कश आहे आणि लेबलच्या अगदी जवळ, झीज असली तर इथे आवाज चिरकतो. दुसऱ्या बाजूवर 'चॅप्टर २४' आणि 'स्केअरक्रो', ही शांत आहेत, इथे पार्श्वभूमीची खरखर उघडी पडते. आणि शेवटचं 'बाइक', त्यातले घड्याळांचे ठोके आणि यंत्रांचा गोंधळ स्वच्छ ऐकू आला पाहिजे, नुसता कचकचाट ऐकू आला तर रेकॉर्ड परत द्यायची. घरी ऐकताना ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, मोनो रेकॉर्डच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत निव्वळ घाण, मोनो केलं की ती बरीचशी कटते. हे एवढं केलं तरी जुन्या मोनो रेकॉर्ड्स एकदम सुधारल्यासारख्या वाटतात. हाच नाद पुढे चालू राहिला तर मोनो काटरिज घ्या, त्यासारखी वसूल होणारी खरेदी या छंदात दुसरी नाही असं माझं मत आहे.

आता लेबल आणि आकडे, ज्यावर इंटरनेटवर सगळ्यात जास्त भांडणं होतात. ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या रेकॉर्ड (कोलंबिया, पार्लोफोन ही तिचीच लेबलं) वाचायला सोप्या आहेत. लेबलच्या बाहेर जी कोरी गुळगुळीत पट्टी असते, डेड वॅक्स म्हणतात तिला, त्यात घड्याळात सहा वाजायच्या जागी मॅट्रिक्स नंबर (त्या बाजूचा ओळख क्रमांक) ठोकलेला असतो, आणि शेवटी एक-दोन असा आकडा, तो म्हणजे कितवं कटिंग, म्हणजे टेपवरून खाचा कितव्यांदा कोरल्या. घड्याळात नऊ वाजायच्या जागी एक आकडा असतो तो मदर प्लेटचा, म्हणजे ज्या धातूच्या प्लेटवरून स्टॅम्पर बनतात तिचा. आणि तीनच्या जागी एक-दोन अक्षरं, तो स्टॅम्परचा, म्हणजे रेकॉर्ड छापणाऱ्या साच्याचा नंबर, पण गुप्त लिपीत. ईएमआयच्याच ग्रामोफोन कंपनीने 'ग्रामोफ एलटीडी' या इंग्रजी स्पेलिंगमधल्या दहा अक्षरांना एक ते शून्य आकडे दिले होते, जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे तिथे 'जीए' दिसलं तर स्टॅम्पर १३. पहिल्यांदा हे स्वतः वाचलं की मजा येते, मिडलसेक्समधल्या हेझच्या कारखान्यात कुणीतरी ठोकलेली खूण आपण टॉर्चच्या उजेडात वाचत असतो.

लेबलवर 'सोल्ड इन यू.के. सब्जेक्ट टु रिसेल प्राइस कंडिशन्स' अशी ओळ असेल तर प्रेसिंग साधारण १९६९च्या आधीचं. चौकोनात ईएमआय लिहिलेलं काळं-चंदेरी लेबल असेल तर १९६९ किंवा नंतरचं. कव्हरची पुठ्ठ्याची कड मागच्या बाजूला दुमडून चिकटवलेली असते त्याला फ्लिपबॅक म्हणतात, पुढे लॅमिनेशन, मागे लॅमिनेशन नसलेला कागद, आतलं पाकीट पण बघा, जुन्या ईएमआय पाकिटांवर एमिटेक्स या साफसफाईच्या कापडाची जाहिरात असते. पायपरचं कव्हर तर बघत बसावं असं आहे, विक सिंगने बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनकडून मिळालेल्या प्रिझम लेन्समधून काढलेला फोटो, चार जणांचे कितीतरी चेहरे एकमेकांत मिसळलेले, आणि मागे सिड बॅरेटने स्वतः काढलेली काळी आकृती. मोठ्या कव्हरवर तो फोटो पाहिला की फोनच्या स्क्रीनवर आपण काय पाहत होतो असं वाटतं.

पण स्टॅम्पर ४०ऐवजी स्टॅम्पर १३ आहे एवढ्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. मॅट्रिक्स तोच असेल तर कटिंग तेच आहे, आणि घासलेल्या पहिल्या प्रेसिंगपेक्षा न वाजवलेलं नंतरचं प्रेसिंग दहापैकी नऊ वेळा चांगलं लागतं. या आकड्यांचा माझा मुख्य उपयोग वेगळाच, नकली ओळखायला. महागड्या दुर्मिळ अल्बम्सच्या बनावट कॉपी खूप आहेत. ईएमआयची रेकॉर्ड आणि डेड वॅक्समध्ये आकडे मशीनने ठोकलेले नसून हाताने खरडलेले, कव्हरवरची बारीक अक्षरं पुसट, फोटोचा फोटो काढल्यासारखे काळे भाग भरून गेलेले, असं असलं की रेकॉर्ड खाली ठेवायची.

म्हणजे क्रम असा: कुठलं मिक्स, मग खाचा, मग कव्हर, आणि लेबल-स्टॅम्पर शेवटी. हा माझा क्रम आहे हं, ज्याला वस्तू जपायचीय आणि वाजवायची नाहीये त्याचा क्रम उलटा असेल आणि तोही चुकीचा नाही.

गुंतवणुकीचं स्पष्ट सांगतो, त्यासाठी घेऊ नका. तुम्ही ४५०ला घेतलेली रेकॉर्ड उद्या माझ्यासारख्या डीलरला विकायला आणलीत तर मी निम्म्याच्या आसपास देईन, कारण मलाही स्टॉलचं भाडं, पेट्रोल आणि पडून राहिलेला माल सांभाळायचा असतो. स्वतः ऑनलाइन विकलीत तर जास्त मिळतील, पण फी, पोस्ट आणि 'ग्रेड बरोबर नाही' म्हणून परत येणारी पार्सलं यात जीव जातो. शिवाय पायपर काही लुप्त झालेली वस्तू नाही, तेव्हा ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेली होती, कॉपी आहेत. खरोखर दुर्मिळ म्हणजे जे तेव्हा कोणी घेतलंच नाही ते. मेजर मायनर लेबलवरचा जुलाय या बँडचा १९६८चा अल्बम, फोंटानावरचा कॅलिडोस्कोपचा 'टँजरीन ड्रीम', पार्लोफोनवरचा टुमॉरोचा अल्बम ज्यात पुढे येस या बँडमध्ये गेलेला स्टीव्ह हाऊ गिटारवर आहे. आणि माझा सगळ्यात लाडका, प्रिटी थिंग्जचा 'एस. एफ. सॉरो', डिसेंबर १९६८, पुन्हा अॅबी रोड, पुन्हा नॉर्मन स्मिथ. एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट, गाण्यांच्या मधली कथा कव्हरवर छापलेली, कव्हरचं चित्र गायक फिल मेने काढलेलं. द हू या बँडच्या 'टॉमी' अल्बमच्या आधीचं हे काम, पण अमेरिकेत निघेपर्यंत 'टॉमी'चाच बोलबाला झाला आणि याला कोणी विचारलं नाही. तेव्हा विकली गेली नाही म्हणून आज मूळ कॉपीची किंमत ऐकून घाम फुटतो. पण हे संगीत ऐकण्यापासून स्वतःला अडवू नका, एडसेल या कंपनीने ऐंशीच्या दशकात काढलेली रीइश्यू घ्या, छान वाजते.

साठ-सत्तर पौंडात महिन्याला भरपूर करता येतं, नीट निवडलं तर. जे तेव्हा ढिगाने विकलं गेलं ते आजही वाजवी मिळतं. 'सार्जंट पेपर' १९६७-६८मध्ये २७ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होता, मोनो कॉपी शोधली तर सापडतेच, फक्त लाल-पांढरं आतलं पाकीट आणि कापून काढायच्या चित्रांचा पुठ्ठा आहे का बघा. क्रीमचा 'डिझरायली गिअर्स', ट्रॅफिकचा आयलंडच्या गुलाबी लेबलवरचा 'मिस्टर फँटसी', रोलिंग स्टोन्सचा 'देअर सटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट', ज्याच्या मूळ कव्हरवर थ्रीडी चित्र चिकटवलेलं आहे, जरा हलवलं की चेहरे वळतात. स्मॉल फेसेसचा 'ऑग्डन्स नट गॉन फ्लेक' गोल कव्हरमध्ये आला होता, तंबाखूच्या डबीसारखा, त्याच्या घड्या फाटलेल्या असतात म्हणून थोड्या फाटक्या कव्हरची पण चांगली वाजणारी कॉपी स्वस्तात उचलावी. झॉम्बीजचा 'ओडेसी अँड ओरॅकल' निघाला तेव्हा बँड फुटलेली होती, सीबीएस लेबलची मूळ कॉपी महाग झालीय, रीइश्यू चालेल. आणि ज्यांचे अल्बम कधी निघालेच नाहीत अशा बँड्सच्या सिंगल्ससाठी बॅम-करूसो या कंपनीच्या 'रबल' मालिकेतली संकलनं घ्या, त्या एका-एका एलपीत असलेल्या सिंगल्स सुट्या घ्यायला गेलात तर महिन्याचा पगार जाईल.

तुम्ही मराठी आहात म्हणून एक वेगळी वाट सुचवतो, माझ्या स्वतःच्या कपाटाचा एक खण याचाच आहे. 'रिव्हॉल्व्हर'च्या १९६६च्या कव्हरच्या मागे वाचा, 'लव्ह यू टू' या गाण्यापुढे तबल्यासाठी अनिल भागवत असं नाव छापलंय, बीटल्सच्या कव्हरवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही तेव्हा अगदी विरळ गोष्ट. हेंड्रिक्सच्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'चं कव्हर उघडा, आपल्या कॅलेंडरवरचं विश्वरूपदर्शन घेऊन त्यावर त्याच्या बँडमधल्या तिघांचे चेहरे बसवलेत, तुम्ही ते बघितल्याबरोबर ओळखाल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हॅरिसनचं 'वंडरवॉल म्युझिक', बीटल्सच्या ॲपल लेबलने काढलेला पहिला अल्बम, नोव्हेंबर १९६८. याचा मोठा भाग जानेवारी १९६८मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत रेकॉर्ड झालाय, एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी कलकत्त्याहून टू-ट्रॅक मशीन आणवलं होतं. शिवकुमार शर्मांचं संतूर, हनुमान जाधवांची सनई, विनायक व्होरांची तार शहनाई. एका बाजूला लंडनची गिटार्स आणि लगेच पुढच्या तुकड्यात ही सनई, हे ऐकताना माझा आजही ऊर भरून येतो. स्टिरिओ कॉपी तुमच्या बजेटमध्ये बसेल, मोनो खूप कमी निघाली, तिच्या मागे लागू नका. मुंबईला गेलात तर चोरबाजारात कलकत्त्याच्या दमदमच्या कारखान्यातल्या इंडियन प्रेसिंगच्या बीटल्सच्या रेकॉर्ड्स दिसतील, बहुतेक दमट हवेने आणि वापराने थकलेल्या असतात, पण कव्हर आणि लेबलसाठी एखादी घ्यायला हरकत नाही, वाजेल या आशेवर जास्त पैसे मात्र देऊ नका.

सांभाळायचं फार अवघड नाही. उभ्या ठेवा, रेडिएटर आणि माळ्यापासून लांब, कव्हरवरचं जुनं जाड पीव्हीसी प्लास्टिक काढून टाका, ते रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं, आणि आत साधी पॉलिथिनची पाकिटं घाला, मूळ पाकीट कव्हरच्या मागे वेगळं ठेवा.

आता तुमच्या त्या कॉपीबद्दल. मोनो मिक्स ऐकून आवडलं असेल, वर सांगितलेल्या तीन जागा स्वच्छ वाजल्या, आणि कव्हरचं लॅमिनेशन सुटलेलं नसेल तर रोख देतो म्हणून ३८०पासून बोलणी सुरू करा, चारशेच्या आसपास मिळाली तर घ्या. ऐकू द्यायला नाही म्हणाला तर सोडून द्या, पायपरची मोनो परत दिसते, दर मोठ्या फेअरला एखादी तरी असतेच. घ्यायच्या आधी दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे आणि लेबलचे फोटो काढता आले तर इथे टाका, मी बघून सांगतो.